विलायती कमानीवरचे वेल

इंग्लंडमध्ये घर घेतलं की घराबरोबर दोन गोष्टी आपोआप येतात. एक म्हणजे पंचवीस वर्षांचं कर्ज आणि दुसरी म्हणजे मागचं अंगण, ज्याला इथे गार्डन म्हणायची पद्धत आहे. लंडनच्या पश्चिमेला आमचं जे छोटंसं गार्डन आहे, त्याच्या मधोमध आधीच्या मालकांनी एक लोखंडी कमान सोडून दिली आहे. सात फूट उंच, चार फूट रुंद, आणि तिच्यावर चढवलेलं काहीही नाही. मांडव घातलाय पण वऱ्हाडच आलेलं नाही, अशी ती दिसते.

या कमानीवर कोणता वेल चढवायचा आणि तिच्या पायथ्याशी खाण्याचा कोणता पाला लावायचा, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. आईने पुण्याहून फोनवरच निकाल दिला, "जाई लाव, दुसरं काही बघू नकोस." बायकोला हवा होता विस्टेरिया, ते जांभळ्या घोसांचं प्रकरण, जे मे महिन्यात केन्सिंग्टनच्या श्रीमंत घरांवरून लोंबताना दिसतं. आपल्या मंडळातल्या एका अनुभवी काकांनी सांगितलं की सरळ दोडका लावा, निदान भाजी तरी होईल. आणखी एक वाक्य मात्र जवळजवळ प्रत्येकाने ऐकवलं, "आपली झाडं इथे जगत नाहीत हो."

मी पडलो कॉम्प्युटर इंजिनिअर. आमच्या धंद्यात नवी सिस्टिम हातात आली की आधी तिचं मॅन्युअल शोधायचं असतं, निदान शोधल्याचं सांगायचं तरी असतं. झाडांचं मॅन्युअल शोधायला म्हणून वाचायला लागलो आणि इतिहासात जाऊन पडलो. कारण रोपाच्या कुंडीला खोचलेल्या त्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर जी एका ओळीची सूचना असते ना, "ऊन हवं", "मुळं सावलीत ठेवा", "फेब्रुवारीत छाटा", तिच्या मागे बहुतेक वेळा कुणाचा तरी समुद्रप्रवास असतो, आणि पुष्कळ मेलेली झाडं असतात.

आधी "इंग्लिश" गार्डनमधलं इंग्लिश किती ते पाहू. या बेटाचे स्वतःचे वेल हाताच्या बोटांवर मोजता येतात. आयव्ही, हनीसकल, बिअरमध्ये घालतात तो हॉप, ट्रॅव्हलर्स जॉय नावाची रानटी क्लेमॅटिस, ब्रायनीचे दोन प्रकार आणि कुंपणावर चढणारे रानगुलाब. संपली यादी, जवळजवळ. कॅलेंडरवर ज्या कमानी दिसतात त्यांच्यावरचं बाकी सगळं बाहेरून आलेलं आहे, म्हणजे आपल्यासारखंच. फरक इतकाच की त्यांना व्हिसा लागला नाही.

कमानीची हौस मात्र इथली जुनी आहे. १५७७ साली लंडनमध्ये 'द गार्डनर्स लॅबिरिंथ' नावाचं पुस्तक निघालं. लेखक थॉमस हिल, पण पुस्तकावर नाव छापलं डिडिमस माउंटन. थॉमसचा ग्रीक अवतार डिडिमस आणि हिलचा झाला माउंटन! या पुस्तकातल्या लाकडी ठशांच्या चित्रांत वेल चढवलेले मांडव आहेत आणि त्यांच्या बाजूला पाल्याचे चौकोनी वाफे आहेत. हिलसाहेब बांधकामाचा हिशेबही देतात. ज्युनिपरच्या काठ्यांचा मांडव केला तर दहा वर्षं हात लावायला नको, विलोचा (म्हणजे आपल्या वाळुंजाच्या भावाचा) केला तर दर तीन वर्षांनी डागडुजी. लोखंडी कमान मिळाल्याबद्दल मी आधीच्या मालकांचे मनोमन आभार मानले.

पण वर चढण्याआधी पायथ्याचं बघू, कारण स्वयंपाकघराचा संबंध तिथे येतो.

आपल्या लोकांची पहिली तक्रार कोथिंबिरीबद्दल असते. सुपरमार्केटमधून कुंडी आणतो, चार दिवसांत माना टाकते. नाहीतर बी पेरतो, जरा बरी दिसायला लागते तोच फुलोऱ्यावर येते. "इथली हवाच तिला मानवत नाही." इतिहास मात्र वेगळंच सांगतो. रेडिंगजवळ सिल्चेस्टर म्हणून एक गाव आहे. तिथे जुन्या रोमन शहराच्या पोटात रेडिंग विद्यापीठाचे लोक १९९७ पासून २०१४ पर्यंत दर उन्हाळ्यात खणत होते. रोमन सैन्य या बेटावर ठाण मांडायला आलं इ.स. ४३ मध्ये. त्याच्याही आधीच्या थरांत, लोहयुगातल्या विहिरीच्या गाळात त्यांना ऑलिव्हची आठळी आणि सेलरीच्या बियांबरोबर धनेही सापडले. २०१२ साली ही बातमी आली तेव्हा इथल्या पेपरांना ऑलिव्हचं अप्रूप वाटलं. मला धन्यांचं वाटलं. दोन हजार वर्षं हे बी इथे खाल्लं जातंय. हवा मानवत नाही हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही.

मग घोडं अडतं कुठे? उत्तर दिवसाच्या लांबीत आहे. दिवस मोठा होत गेला की फुलावर यायचं, हा कोथिंबिरीचा स्वभाव आहे. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा दिवस जेमतेम सव्वातेरा तासांचा. लंडनमध्ये जूनमध्ये साडेसोळा तास ऊन असतं! मे महिन्यात आपण मोठ्या उत्साहाने पेरतो आणि तिला वाटतं, आला मोसम, घाला फुलं, धरा बी, संपवा कारभार. त्यात कुंडी कोरडी पडली की आणखी घाई. म्हणून पहिली पेरणी एप्रिलच्या सुरुवातीला करायची आणि दुसरी, माझ्या मते जास्त महत्त्वाची, ऑगस्टच्या मध्यानंतर, दिवस लहान व्हायला लागले की. ही दुसरी कोथिंबीर कधी कधी नोव्हेंबरपर्यंत पुरते. मधल्या दोन महिन्यांत लावायचीच असेल तर अर्ध्या सावलीत, थोडी थोडी, दर पंधरा दिवसांनी. बाकी आजीचं तंत्र तेच. धने हलके रगडून दोन फाकी करायच्या, थेट जागेवर पेरायच्या आणि रोप उपटून दुसरीकडे लावायचं नाही, कारण तिला सोटमूळ असतं आणि ते दुखावलं की ती रागाने लगेच फुलते. बियांच्या पाकिटावर "स्लो बोल्ट" लिहिलेलं असेल तर चार पेन्स जास्त द्यायला हरकत नाही.

रोझमेरी, थाइम, सेज ही मंडळी भूमध्य समुद्राच्या काठावरच्या खडकाळ टेकड्यांवरून आलेली आहेत. इथल्या थंडीने ती सहसा मरत नाहीत, मरतात ती हिवाळ्यात पाय ओले राहिल्याने. मातीत भरपूर बारीक खडी, भर उन्हाची जागा आणि खताचा मोह टाळणं, बस्स. पुदिन्याला मात्र कुंडीतच डांबून ठेवा. मोकळा सोडलात तर तो शेजाऱ्यांकडेही जाईल.

आता चेल्सीला जाऊ या. चेल्सी म्हटलं की आपल्याला फुटबॉल आठवतो, पण थेम्सच्या काठी उंच भिंतींच्या आड तिथे सुमारे चार एकरांची एक बाग आहे, चेल्सी फिजिक गार्डन. १६७३ साली लंडनच्या औषधविक्यांच्या संघाने, म्हणजे अपॉथेकरींनी, ती सुरू केली. हेतू शोभेचा नव्हता. उमेदवारी करणाऱ्या पोरांना औषधी वनस्पती अचूक ओळखता याव्यात म्हणून ही जिवंत शाळा होती. चुकीचं मूळ कुटलं तर रोगी दगावणार, इतका सरळ मामला. १७१२ साली चेल्सीची जहागीर हान्स स्लोन या डॉक्टरांनी विकत घेतली आणि १७२२ मध्ये ही बाग वर्षाला पाच पौंड भाड्याने कायमची संघाला देऊन टाकली. अट अशी की दरवर्षी पन्नास नव्या वनस्पतींचे वाळवलेले नमुने रॉयल सोसायटीला द्यायचे, असे दोन हजार होईपर्यंत. मला ही अट फार आवडली. नुसती देणगी नाही, वर दरवर्षी डिलिव्हरी! हेही सांगितलं पाहिजे की स्लोन यांच्या श्रीमंतीत जमैकातल्या उसाच्या मळ्यांचं उत्पन्न होतं, पत्नीकडून आलेलं, आणि त्या मळ्यांत गुलाम राबत होते. ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं तेही याच माणसाच्या संग्रहावर.

१७२२ पासून जवळजवळ पन्नास वर्षं या बागेचा मुख्य माळी होता फिलिप मिलर. त्याचा 'गार्डनर्स डिक्शनरी' हा ग्रंथ १७३१ साली निघाला आणि त्याच्या हयातीत आठ आवृत्त्या झाल्या. मी ज्याला मॅन्युअल म्हणतो ते हेच. कोणतं झाड कुठून आलं, कसं पेरलं, कोणत्या महिन्यात काचेखाली हलवलं, सगळं लिहिलेलं. उष्ण देशांतल्या झाडांना ऊब द्यायला त्या काळात चामडी कमावून झाल्यावर उरलेली ओकची साल खड्ड्यात भरत. ती कुजताना महिनोन्‌महिने गरम राहते. तिच्यात कुंड्या रुतवायच्या, वर काच. पाळीच्या डॉक्टरसारखं थर्मामीटर बघत बसायचं. आपण हिवाळ्यात कढीपत्त्याची कुंडी रेडिएटरजवळच्या खिडकीत ठेवतो, ती याच खटाटोपाची धाकटी बहीण.

या मिलरच्या हातून गेलेलं एक झाड तुम्हां-आम्हां सर्वांच्या ओळखीचं आहे. सदाफुली! पॅरिसच्या राजाच्या बागेतून आलेल्या बियांपासून मिलरने ती चेल्सीत वाढवली, आणि १७५९ साली लिनियसने तिला शास्त्रीय नाव दिलं. मुळात ती मादागास्करची. कोकणातल्या अंगणात, पुण्यातल्या वाड्यात, स्मशानाच्या भिंतीलगत जी आपोआप उगवते, जिला आपण पिढ्यान्‌पिढ्या आपली समजत आलो, ती आपल्याकडे बाहेरून आलेली. १९५०च्या दशकात कॅनडात तिच्यावर मधुमेहासाठी संशोधन चालू होतं, त्यातून व्हिनब्लास्टीन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं, आणि पुढे व्हिनक्रिस्टीन, जे रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांना आजही देतात. चेल्सीच्या बागेत सदाफुली दिसली तेव्हा मी तिथल्या बाकावर बराच वेळ बसलो होतो. (ही बाग लोकांना १९८३ पासून खुली आहे. तिथे ऑलिव्ह आणि ग्रेपफ्रूट उघड्यावर फळतात. बाजूची नदी आणि भोवतीच्या भिंती मिळून तिथली हवा दोन अंश गोड करतात. आपल्याकडेही विटांची दक्षिणाभिमुख भिंत असेल तर ती वाया घालवू नका.)

कढीपत्त्याच्या शास्त्रीय नावात 'कोनिगी' असा शब्द आहे. तो योहान कोनिग या लिनियसच्या शिष्याचा. १७६८ साली तो तमिळ किनाऱ्यावरच्या ट्रँकेबार या डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आला आणि दक्षिण भारतातल्या वनस्पती गोळा करत तिकडेच संपला. त्याचं झाड उष्ण कटिबंधाचं, त्यामुळे दहा-बारा अंशांच्या खाली गेलं की पानं टाकतं. टाकू द्या! हिवाळ्यात लोक काळजीने पाणी घालत राहतात आणि बिचारं मुळं कुजून मरतं. ऑक्टोबर ते मार्च माती जवळजवळ कोरडी, खिडकीतला उजेड, आणि मेच्या शेवटी पुन्हा बाहेर. तुळशीचं गणित निराळं. तिला इथे वर्षायू समजायचं. एप्रिलमध्ये घरात पेरायची, जूनच्या मध्यापर्यंत बाहेर काढायची नाही आणि तुळशीच्या लग्नापर्यंत मंजिऱ्या वाळवून पुढच्या वर्षासाठी डबीत भरायच्या. वृंदावनात तीच तुळस वर्षभर पाहण्याची सवय असलेल्यांना हे जड जातं, पण काय करणार, डिसेंबरात इथे सूर्य आठ तासही ड्यूटी करत नाही.

असो. आता कमानीवर चढू.

बायकोच्या विस्टेरियाची गोष्ट पहिली, कारण ती सर्वांत चटका लावणारी आहे. चीनमधल्या कँटन बंदरात परदेशी व्यापाऱ्यांशी व्यवहार करायची परवानगी मोजक्या चिनी सावकारांना होती. त्यांच्यातला एक कॉन्सेक्वा. त्याच्या बागेत हा वेल होता. ईस्ट इंडिया कंपनीचा चहा तपासणारा अधिकारी जॉन रीव्ह्ज याने त्याची रोपं मिळवली आणि १८१६ साली कंपनीच्या दोन कप्तानांनी, वेलबँक आणि रॉझ यांनी, ती आपापल्या जहाजातून इंग्लंडला आणली. वेलबँकचं रोप गेलं सरे परगण्यात टर्नर नावाच्या गृहस्थांकडे. कँटनहून आलंय म्हणजे उष्ण प्रदेशातलं असणार, असं धरून त्यांनी ते पीचच्या काचघरात ठेवलं, जिथे तापमान ८४ अंश फॅरनहाइट होतं. रोपाला लाल कोळी लागला आणि ते मरणपंथाला टेकलं. मग थंडीत ठेवलं तर गारठलं, पण मेलं मात्र नाही, उलट सुधारलं. चीन म्हणजे केवळ कँटन नव्हे, तिथे बर्फही पडतं आणि या वेलाला ते चालतं, हे कळायला असा छळ करावा लागला. १८१९ पर्यंत तो फुलला आणि बघता बघता घराघरावर गेला. चिझिकमधल्या ग्रिफिन ब्रुअरीच्या भिंतीवरचा विस्टेरिया त्या पहिल्या पिढीतला, १८१६चा, असं सांगतात.

आणि कॉन्सेक्वा? अमेरिकन व्यापाऱ्यांनी त्याच्याकडून उधारीवर माल नेला आणि पैसे बुडवले. १८१४ साली त्याने थेट अमेरिकेचे अध्यक्ष मॅडिसन यांच्याकडे अर्ज केला. उपयोग झाला नाही. १८२३ साली तो कर्जबाजारी मेला. काही वर्षं इंग्रजी पुस्तकांत हा वेल कॉन्सेक्वाच्या नावाने ओळखला जात असे. पण शेवटी टिकलं ते विस्टेरिया, फिलाडेल्फियाच्या डॉक्टर विस्टार यांच्यावरून. विस्टार यांचा या वेलाशी काही संबंध नव्हता. भले गृहस्थ होते म्हणतात. तरी मला हे खटकतं. ज्याच्या बागेतून वेल आला आणि ज्याला पैसे मिळाले नाहीत, त्याचं निदान नाव तरी ठेवायचं होतं.

पण नाव काहीही असो, सात फुटी कमानीवर हा वेल नको, हा माझा निष्कर्ष. त्याचं खोड माणसाच्या मांडीएवढं होतं, वर्षातून दोनदा छाटावं लागतं (जुलै-ऑगस्टमध्ये नव्या फांद्या पाच-सहा पानांवर, आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याच दोन-तीन डोळ्यांवर) आणि बियांपासून केलेलं रोप फुलायला दहा वर्षं किंवा जास्तही घेतं. भिंत असेल तर कलमी रोप जरूर लावा. चार फुटी लोखंडी कमान मात्र तो एके दिवशी पिळून टाकेल. शेंगाही विषारी असतात.

ही रोपं येत कशी, हे कळलं की पट्टीवरच्या सूचनांकडे बघायची दृष्टी बदलते. डेकवर पेट्यांत ठेवलेली झाडं, खाऱ्या पाण्याचे फवारे, उंदीर, गोड्या पाण्याची रेशनिंग, दोनदा विषुववृत्त ओलांडायचं. मकाव इथे कंपनीचा डॉक्टर होता जॉन लिव्हिंगस्टन, त्याने १८१९ साली अंदाज कळवला की चीनहून निघालेल्या हजार रोपांमागे एक जिवंत पोचतं. हजारात एक! आमच्याकडे असं सर्व्हर चालवला असता तर दुसऱ्या दिवशी घरी पाठवलं असतं.

यावर इलाज सापडला तो लंडनच्या ईस्ट एंडमधल्या एका डॉक्टरला. नथॅनिएल वॉर्डला नेच्यांचा, म्हणजे फर्नचा, नाद होता, पण गोदीजवळच्या धुरात ते जगत नसत. १८२९ साली त्याने एका पतंगाचा कोश ओलसर मातीसकट बंद बाटलीत ठेवला, पतंग कधी बाहेर येतो ते पाहायला. बाटलीत भलतंच उगवलं, एक नेचा आणि थोडं गवत. ओलावा काचेवर जमतो, परत मातीत उतरतो, बाहेरून पाणी नको. १८३३ मध्ये त्याने काचेच्या दोन बंद पेट्या सिडनीला पाठवल्या. झाडं जिवंत पोचली, आणि त्याच पेट्यांतून ऑस्ट्रेलियाची झाडं लंडनला हिरवीगार परत आली. पुढे याच वॉर्डच्या पेट्यांतून रॉबर्ट फॉर्च्युनने चीनमधून हजारो चहाची रोपं कंपनीसाठी हिमालयातल्या मळ्यांत नेली, चीन सरकारच्या परवानगीशिवाय. म्हणजे आपल्या चहाच्या कपातही त्या बाटलीतल्या नेच्याचा थोडा अंश आहे.

गुलाबाची हकीकत थोडक्यात. युरोपातले बहुतेक जुने गुलाब उन्हाळ्यात एकदा फुलत आणि संपत. अठराव्या शतकाच्या अखेरीला चीनचे बारमाही गुलाब इथे आले. त्यांचा एक मार्ग कलकत्त्यावरून होता, आणि म्हणून चीनच्या या गुलाबाला युरोपात कित्येक वर्षं 'बेंगॉल रोझ' म्हणत. तो वर्षभर का फुलतो हे शास्त्रज्ञांनी २०१२ साली दाखवलं. फुलणं थांबवायचा आदेश देणाऱ्या जनुकात डीएनएचा एक भलताच तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे "थांब" हा आदेशच निघत नाही. बग म्हणा की फीचर म्हणा, आजचे बहुतेक सगळे पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब त्या बिघाडाचे वंशज आहेत. कमानीसाठी गुलाब घेताना यातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची. 'रॅम्बलर' लिहिलेला सहसा एकदाच फुलतो आणि अवाढव्य वाढतो, 'रिपीट फ्लॉवरिंग क्लाइंबर' लिहिलेला घ्यावा. आमच्याकडे दोन लहान मुलं कमानीखालून दिवसातून पन्नास वेळा पळतात, म्हणून काटे आम्ही बाद केले.

मग राहिली क्लेमॅटिस. पावसाळ्यात सह्याद्रीत फिरला असाल तर तुम्ही हिला पाहिलंय. झुडपांवर पसरलेली पांढऱ्या फुलांची रानजाई, जिला मोरवेल असंही म्हणतात, ती क्लेमॅटिसच. सिंहगडाच्या वाटेवरची आपली मैत्रीण इथे एवढ्या थाटात भेटेल असं वाटलं नव्हतं. हिमालयातली मोंटाना ही जात १८३१ साली इंग्लंडला आली ती गव्हर्नर जनरलच्या पत्नी लेडी अँहर्स्ट यांच्यामुळे. सुंदर आहे, पण तीस फूट जाते, आमच्या कमानीला झेपणार नाही. आम्हाला पसंत पडली ती जॅकमनी. लंडनजवळच्या वोकिंग गावात जॅकमन यांची रोपवाटिका होती. तिथे १८५८ साली फॉर्च्युनने चीनहून आणलेली लॅन्युजिनोसा आणि दक्षिण युरोपातून सोळाव्या शतकात आलेली व्हिटिसेला यांच्या घराण्यांचा संकर झाला आणि १८६२ साली गडद जांभळ्या फुलांची ही मुलगी फुलली. लागवडीचे नियम तिच्या आईबापांकडून आलेत. रानात ही झुडपांच्या आधाराने उगवते, म्हणून मुळं सावलीत आणि शेंडा उन्हात. रोप कुंडीतल्यापेक्षा दोन-तीन इंच खोल लावायचं, म्हणजे वरून मर लागली तरी खालून पुन्हा फुटतं. आणि नव्या फांदीवर फुलते म्हणून फेब्रुवारीअखेर बेधडक फूटभर ठेवून छाटायची. पहिल्या वर्षी हात धजावत नाही. छाटा.

आणि आईची जाई? इथे आईचं म्हणणं जवळजवळ बरोबर निघालं, हे तिला फोनवर कळवलं आहे. आपली जाई थंडीला नाजूक, मोगरा तर घराबाहेर नकोच. पण जाईची सख्खी बहीण जॅस्मिनम ऑफिसिनाले कॉकेशसपासून इराण, हिमालयापर्यंत पसरलेली आहे आणि सोळाव्या शतकापासून इंग्लंडच्या मांडवांवर आहे. उन्हाची, वाऱ्यापासून आडोशाची जागा मिळाली तर लंडनचा हिवाळा ती सोसते. जुलैत संध्याकाळी तिच्याजवळ डोळे मिटून उभं राहिलं तर फरक सांगता येत नाही. दुकानात मात्र 'स्टार जॅस्मिन' म्हणून दुसरंच काही गळ्यात मारतील. ती १८४४ साली फॉर्च्युननेच शांघायहून पाठवली. सदाहरित, सुवासिक आणि चांगली आहे, पण कूळ कण्हेर-करवंदाचं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, त्यावरून ओळखायची.

तेव्हा कमानीच्या एका पायाशी जाईची बहीण, दुसऱ्या पायाशी जॅकमनी, खाली थाइम आणि कोथिंबीर, असं आमचं ठरलंय. ही दोन्ही अंगावर यायला दोन-तीन वर्षं जातील. तोवर कमान उघडी राहू नये म्हणून स्वीट पी. १६९९ साली सिसिलीतल्या कुपानी या धर्मगुरूंनी तिचं बी लंडनच्या उत्तरेला एन्फिल्डमध्ये रॉबर्ट उव्हडेल या शाळामास्तरांना पाठवलं. पाकिटातून आलेलं बी, म्हणून प्रवासात काही मेलं नाही! दोनच रंगांचं, लहानसं, पण वासाने वेड लावणारं ते मूळ फूल आजही 'कुपानी' नावाने मिळतं, आणि नंतरच्या मोठ्या फुलांच्या जातींपेक्षा मला तेच घ्यावंसं वाटतं. तिची पेरणी वसंतात करता येते, पण इथले जुने माळी ती ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करतात, म्हणजे नेमकी आपल्या दिवाळीत. कारण सिसिलीत पाऊस हिवाळ्यात पडतो आणि बी तेव्हाच रुजतं. उंच कुंडी घ्या, टॉयलेट रोलच्या पुठ्ठ्याच्या नळ्याही चालतात, बी अर्धा इंच खोल पेरा, गारठ्यात पण बर्फापासून आडोशाला ठेवा, आणि चार पानं झाली की शेंडा खुडा. शेंग मटारासारखी दिसते पण खायची नाही, ही बाई आपल्या विदर्भातल्या लाखेच्या डाळीची नातेवाईक आहे आणि तिचं बी विषारी आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. उंदरांना मात्र ते कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे कुंड्यांवर जाळी टाका.